सिडर धुण्याचे दिवस

ते निळसर झुडूप विल्मटने माझ्यासाठी आणलं. मीच मागितलं होतं. आमच्या बेटावर ज्यांना ही गोष्ट ठाऊक आहे ते यातलं पहिलंच वाक्य सांगतात. दुसरं त्यांना माहीतच नाही, कारण विल्मटने ते कधी कुणाला कळू दिलं नाही.

जगभरची लढाई नुकतीच संपली होती. विल्मट टकर्स टाउनला एका अमेरिकन बाईंच्या बंगल्यावर माळीकाम करायचा. लढाईची सगळी वर्षं बंगला बंद होता. बाई परत आल्या त्या नव्या बागेचा बेत डोक्यात घेऊनच. बोटीने झाडं आली, मुळांना गोणपाट गुंडाळलेली, पन्नासेक. मी दोन दिवस तिथे इस्त्रीच्या कामाला गेले होते तेव्हा फाटकापाशी उभी करून ठेवलेली ती झुडपं पाहिली. निमुळती, आणि राखेत निळं कालवल्यासारखा रंग. आमच्याकडे हिरवा म्हणजे सिडरच्या झाडांचा काळपट हिरवा, टेकडीपासून किनाऱ्यापर्यंत तोच. असा रंग मी झाडावर कधी पाहिला नव्हता.

"एखादं उरलंसुरलं असेल तर आण ना घरी," मी विल्मटला म्हणाले.

एक उरलं. शेंडा मोडलेला होता म्हणून बाईंनी टाकून द्यायला सांगितलं. विल्मटने ते सायकलच्या कॅरिअरला बांधलं, पूल ओलांडून सेंट डेव्हिड्सला आणलं आणि आमच्या लग्नाच्या सिडरशेजारी खड्डा खणून लावलं.

आमच्याकडे लग्नाच्या केकवर सिडरचं वीतभर रोप खोचतात आणि मग ते नवराबायकोने मिळून अंगणात लावायचं असतं. आमचं रोप तेव्हा नऊ वर्षांचं, विल्मटच्या खांद्याएवढं झालं होतं. मूल आम्हाला झालं नाही. शेजारची ऑटिली फॉक्स कुंपणापाशी उभी राहून म्हणायची, "झाड बाकी छान वाढतंय हं तुमचं." त्या 'बाकी'वर तिचा सगळा भर असायचा.

आम्ही माझ्या वडिलांच्या घरी राहत होतो. विल्मटच्या घराची जागा अमेरिकन विमानतळाखाली गेली, तेव्हापासून तो घरजावई. वडील, एनॉस मिनर्स, होड्या बांधायचे. तरुणपणी जहाजांना बंदरात वाट दाखवणाऱ्या पायलटांच्या होडीचं सुकाणू धरायचे म्हणून सगळं बेट त्यांना कॅप्टन म्हणायचं, विल्मटसुद्धा. संध्याकाळी ते कारखान्यातून वर आले आणि झुडपापाशी थांबले.

"हे कोण?"

"सिडरच्याच भाऊबंदांतलं आहे म्हणतात, कॅप्टन," विल्मट म्हणाला.

बाबांनी एक काडी मोडली, बोटांत चुरगळली, नाकाशी नेली. "लांबचा दिसतोय," ते म्हणाले. "घरी राहायला बोलवावं इतका जवळचा नाही." आणि हात पँटला पुसत आत गेले.

बाबांचं सगळं नाकावर चालायचं. कापलेल्या सिडरचा वास आमच्या घरात कपड्यांना, पावाला, माझ्या केसांनाही यायचा. घराच्या तुळया सिडरच्या, मी ज्या पाळण्यात झोपले तो सिडरचा, आणि आई गेली तेव्हा बाबांनी स्वतः रंधा मारून केलेली पेटीही सिडरची. समुद्रातली कीड ओकचं लाकूड दोन वर्षांत चाळणी करते, पण सिडरच्या तांबड्या गाभ्याला तोंड लावत नाही. दुसरी लाकडं वर्षवर्ष वाळवावी लागतात. हे आज पाडलं आणि उद्या होडीला लावलं तरी मुरगळत नाही. घराच्या मागच्या टेकडीवर बाबांचे एक्केचाळीस सिडर होते, त्यांच्या आजोबांपासूनचे. वाऱ्याच्या बाजूची झाडं वाकडी वाढायची आणि बाबांना तीच जास्त प्यारी. वाकलेल्या फांदीतून होडीची फासळी सबंध निघते, जोड द्यावा लागत नाही. कुठल्या झाडात कुठली फासळी आहे हे त्यांना जमिनीवर उभं राहून दिसायचं. फळं पिकली की मी त्यांचा पाक करायची. खोकल्यावर तेच औषध.

दीड वर्षाने, वसंतात, विल्मट एक दिवस भर दुपारी घरी आला. कामाच्या दिवशी तो कधी दुपारी येत नसे. माझ्याशी न बोलता त्याने कुदळ घेतली, ते झुडूप मुळासकट उपटलं आणि खालच्या वाळूत नेऊन रॉकेल ओतून जाळलं. मी धावत गेले.

"अरे, काय करतोस हे?"

"मुळं कुजली होती."

"सकाळी तर बरं होतं."

"कुजली होती म्हटलं ना, लव्हिनिया."

एरवी तो मला लव्ही म्हणायचा. आग विझेपर्यंत तो तिथून हलला नाही आणि राखेवर त्याने चार बादल्या समुद्राचं पाणी ओतलं. जळालेल्या झुडपाला एवढं पाणी कशासाठी, ते मला कळेना.

ते कळायला जून उजाडला. आमच्या लग्नाच्या सिडरची एक फांदी गंजल्यासारखी झाली होती. मी ती उलटी केली. काडीवर पांढरे ठिपके होते, मोहरीहून बारीक, एकावर एक चढलेले. नखाने खरवडले तर शिंपल्यासारखे सुटून आले. विल्मट मागे कधी येऊन उभा राहिला मला कळलंच नाही.

"ही खवले कीड आहे," तो म्हणाला. "सरकारी शेती खात्याचा माणूस बाईंच्या बागेत आला होता. त्याने मला भिंगातून दाखवली. बाहेरून आलेल्या झाडांवरून येते म्हणाला. बाईंची निळी झुडपं सगळी भरलेली होती."

"आणि आपलं?"

"आपलंही."

आम्ही दोघं त्या झाडापाशी उभे होतो. खालून बाबांच्या रंध्याचा आवाज येत होता.

"कॅप्टनला सांगायला हवं," विल्मट म्हणाला.

"आत्ता नको," मी म्हणाले. "एखादी फांदी आहे. छाटून टाक. एवढ्यावरच थांबेल कदाचित."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला माळीकाम कळत होतं, मला नाही. तरी तो माझं ऐकून गप्प बसला.

थांबलं काही नाही. ऑगस्टपर्यंत ते झाड अर्धं लाल झालं आणि टेकडीच्या पायथ्याच्या तीन मोठ्या सिडरांचे शेंडे करपले. बाबा म्हणाले, खारा वारा लागलाय. ऑक्टोबरात वादळ झालं, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. नंतर एका रविवारी, कॉड मासा आणि बटाट्यांची न्याहारी झाल्यावर, ते वाचायचा चष्मा लावून झाडापाशी गेले आणि बराच वेळ फांद्या उलटून बघत राहिले.

"लव्ही, साबण आण," ते म्हणाले. "आणि गरम पाणी."

तेव्हापासून बाबा झाडं धुऊ लागले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की साबणाच्या पाण्यात थोडं रॉकेल घालून काडीन् काडी पुसली तर किडे गळतात. बाबा शिडी लावून चढायचे, कुंचल्याने फांद्या घासायचे. बादल्या मी भरून द्यायची. आमच्या बेटावर विहिरी नाहीत. छपरावर पडलेलं पावसाचं पाणी टाकीत साठतं आणि त्यावरच घर चालतं. त्या वर्षी आम्ही आंघोळीचं पाणी तोडलं, कपडे समुद्रात खळबळून आणले, आणि टाकीचं पाणी झाडांना दिलं. बाबा सत्तरीचे होते. शिडीवरून उतरले की गुडघे धरून बसायचे.

"कॅप्टन, पुढच्या रविवारी त्यांना चर्चलाही आणा की, एवढी आंघोळ झालीय तर," ऑटिलीचा नवरा इरा कुंपणावरून म्हणायचा. इरा फॉक्स पायलट होता आणि त्याचीच नवी होडी बाबा तेव्हा बांधत होते.

"तुझी होडी यांच्यातूनच निघायची आहे," बाबा म्हणायचे. "मळकी चालेल का?"

इरा हसायचा. मीही हसायची, हातात बादली असायची. विल्मट तेव्हा तिथे थांबत नसे.

जवळजवळ एक वर्ष असंच गेलं. एक झाड धुऊन झालं की त्याच्या शेजारचं लाल व्हायचं. सरकारने परदेशातून ढालकिडे आणून सोडले. ते या किड्यांना खातात म्हणे. आमच्या टेकडीवरही खोकीभर सोडून गेले. बाबा दोन दिवस त्यांच्या मागे फिरले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "खातात. पण जेवायला बसलेल्यांपेक्षा वाढलेलं फार जास्त आहे."

सप्टेंबरात शेती खात्याचा माणूस आमच्याकडे आला. चांगला होता, थकलेला. झाडांवर खडूने खुणा करत तो टेकडीवर फिरून आला आणि अंगणात वही उघडून उभा राहिला. बाबा ओट्यावर बसले होते, मी दारात, विल्मट पायरीवर.

"मिस्टर मिनर्स, प्रत्येक घरी विचारतोय म्हणून विचारतो," तो म्हणाला. "या पाच-सहा वर्षांत बाहेरून आणलेलं काही झाड इथे लावलं होतं का? कुंडीतलं, झुडूप, काहीही?"

विल्मट उठून उभा राहिला. त्याचं तोंड उघडलेलं मला दिसलं.

"नाही," बाबा म्हणाले. "माझ्या अंगणात बाहेरचं काही येत नाही."

माणसाने लिहून घेतलं. "इथली झाडं जगतील असं वाटत नाही," तो म्हणाला. "मेलेली पाडून काड्याकुड्या जाळाव्या लागतील. आमची टोळी पुढच्या हिवाळ्यात इकडे येईल." टोपीला हात लावून तो गेला.

बाबा विसरले होते की मुद्दाम खोटं बोलले? त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. ते उठून कारखान्यात गेले. विल्मट तसाच पायरीपाशी उभा होता.

"आता मी सांगणार," तो म्हणाला.

"ते म्हणाले ना नाही. आता कशाला?"

"म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. शनिवारी विल्मट बाबांबरोबर लांब करवतीवर असायचा. इराच्या होडीच्या फळ्या कापायच्या होत्या. आमच्याकडे जुन्या पद्धतीचा करवतीचा खड्डा होता: ओंडका वर आडवा, त्यावर एकजण उभा राहून आखलेल्या रेघेवरून करवत नेणार, दुसरा खड्ड्यात उभा राहून खाली ओढणार. खालच्याला वरच्याचं तोंड दिसत नाही. त्याच्या डोळ्यांत, मानेवर, सदऱ्यात सगळा भुसा पडत राहतो. मी लिंबाचं सरबत घेऊन खाली गेले होते, त्यामुळे जे झालं ते माझ्यासमोर झालं.

विल्मट खालून बोलायला लागला. करवत चालूच होती. "कॅप्टन, ते निळं झुडूप. टकर्स टाउनहून मी आणलेलं. त्याच्यावर कीड होती. मला नंतर कळलं. म्हणून मी जाळलं. मुळं कुजली नव्हती."

करवत थांबली. वर बाबा दोन्ही हातांनी मूठ धरून उभे होते. ओंडक्याच्या तांबड्या चिरेकडे बघत होते.

"मला तेव्हाच सांगायला हवं होतं," खालून आवाज आला. "मी आणलं, मी लावलं, मी गप्प बसलो. दोष सगळा माझा आहे."

मी मागितलं होतं हे तो बोलला नाही. नंतर मीच त्याला थांबवलं होतं, तेही नाही. मी तिथेच, हातात सरबताचं भांडं घेऊन उभी होते आणि मीही बोलले नाही.

मग बाबा म्हणाले, "ओढ."

त्यांनी ती फळी शेवटपर्यंत कापली. रेघ जराही हलली नाही. कापून झाल्यावर बाबा ओंडक्यावरून उतरले, करवत पुसून खुंटीला लावली आणि खड्ड्याकडे न बघता वर गेले.

त्यानंतर ते विल्मटशी बोलायचे बंद झाले. भांडण नाही, टोमणा नाही. एकाच टेबलावर जेवायचे, मीठ हवं असेल तर माझ्याकडे मागायचे, ते विल्मटच्या हाताशी असलं तरी. पुढच्या शनिवारी विल्मट खड्ड्यापाशी गेला तर बाबांनी हत्यारं आवरून ठेवली. बेटावर बातमी पसरायला वेळ लागत नाही. विल्मटने लपवलंही नाही. विचारलं त्याला सांगत गेला. ऑटिलीने मला दुकानात गाठलं.

"बायकोला झुडूप आणून दिलं म्हणे नवऱ्याने," ती म्हणाली. "आमच्या ह्यांनी मला आजवर फक्त मासे आणून दिले. बरंच झालं म्हणायचं."

दुकानातली बाकीची माणसं सामान बघण्यात गढल्यासारखी झाली.

विल्मटने बाईंच्या बंगल्याचं काम सोडलं आणि सरकारच्या तोडणीच्या टोळीत नाव घातलं. बेटांच्या पार पश्चिमेच्या टोकाला त्यांचं काम चालू होतं. पहाटे निघायचा, अंधार पडता पडता यायचा. हातांना सालीची लाली आणि अंगाला तोच वास. एवढी झाडं पाडून आलेल्या माणसाच्या अंगाचा तो वास आवडून घ्यावा की त्याचा राग यावा, मला ठरवता येत नसे.

इराची होडी अर्धी राहिली होती. बाबा एकट्याने लांब करवत चालवू शकत नव्हते. एका सकाळी मी विल्मटचा जुना सदरा घातला, डोक्याला फडकं बांधलं आणि खड्ड्यात उतरले. बाबांनी वरून पाहिलं आणि करवत रेघेवर ठेवली. आम्ही सुरुवात केली. तासाभरात माझे खांदे भरून आले. भुशाने डोळे चुरचुरत होते.

"बाबा," मी खालून म्हणाले, "तुम्ही त्या माणसाला 'नाही' असं का म्हणालात? तुम्हाला झुडूप आठवत नव्हतं?"

"आठवत होतं." करवत चालू होती. "जाळलं त्याच दिवशी कळलं होतं की काहीतरी आहे. कुजलेलं झाड कुणी रॉकेल घालून जाळत नाही. अंगणात राहू देतं, नाहीतर फेकून देतं."

"मग?"

"मग काय? सरकारी वहीत माझ्या घराचं नाव कशाला? तो माझा जावई आहे."

मला वाटलं आता सुटले. मी म्हणाले, "मग त्याच्याशी बोलत का नाही? त्याने आपणहून सांगितलं ना तुम्हाला."

बाबा थांबले. करवतीचं पातं आमच्या दोघांच्या मध्ये चिरेत अडकून राहिलं.

"त्याच्यावर रागावलोय मी, पण तो राग उतरेल," वरून आवाज आला. "त्याने सांगितलं. उशिरा का होईना, खड्ड्यात उभं राहून सांगितलं. तू मला बादल्या आणून देत होतीस, लव्ही. वर्षभर. मी शिडीवर चढून काडीन् काडी पुसत होतो आणि तू खाली उभी राहून विचारायचीस, आणखी पाणी हवं का बाबा. तुला तेव्हा माहीत होतं ना?"

मी हो म्हणाले.

"मला वाटायचं, इतकी झाडं करपली, एकतरी वाचेल. माणूस असा विचार करतो तेव्हा शेजारी उभ्या असलेल्याने तरी त्याला सांगावं." वरून करवतीची मूठ हलली. "ओढ आता. रेघ पुसट होतेय."

झुडूप मीच मागितलं होतं हे त्या वेळी सांगायला हवं होतं. शब्द माझ्या तोंडाशी आले होते. मी करवत ओढली. नंतर तशी वेळ बऱ्याचदा आली आणि दर वेळी मी काही ना काही ओढत, भरत, पुसत राहिले.

पुढच्या हिवाळ्यात टोळी आमच्या टेकडीच्या पायथ्याशी येऊन ठेपली. एक्केचाळीसपैकी अडतीस झाडं मेली होती. मेलेला सिडर कुजत नाही. पानं गळून रुपेरी होऊन उभा राहतो. चांदण्यात आमची टेकडी हाडांचा ढीग पडल्यासारखी दिसायची. आमचं लग्नाचं झाड तर मनगटाएवढ्या जाडीची काठी होऊन उभं होतं.

टोळीचा मुकादम विचारायला आला तेव्हा बाबा म्हणाले, "माझ्या झाडांना मी हात लावीन. तुम्ही रस्त्याकडची पाडा." मग स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, "त्याला सांग, उद्यापासून टोळीत जाऊ नकोस म्हणावं. कुऱ्हाड घेऊन वर ये."

विल्मट त्याच टेबलावर बसून मसुराचं सूप पीत होता. मी त्याच्याकडे बघून म्हणाले, "बाबा म्हणताहेत, उद्या कुऱ्हाड घेऊन टेकडीवर ये."

"ऐकलं मी," विल्मट म्हणाला.

सहा आठवडे ते दोघे टेकडीवर होते. पहिले काही दिवस बाबा झाडाशीच बोलायचे. खोडावर हात ठेवून म्हणायचे, "हा होडीचा कणा. बुंध्यापासून सरळ, गाठ नाही." किंवा, "ही फासळी, पुढची, पाण्याला भिडणारी. वरून तोडायची नाही, मुळासकट काढायची, वाक मुळात आहे." विल्मट ऐकायचा आणि तसं करायचा. मी पाव आणि चहा घेऊन वर जायची. एकदा गेले तर विल्मट एका वाकड्या झाडापुढे उभा होता आणि बाबा चार पावलं मागे.

"यात काय आहे?" बाबांनी विचारलं. ते झाडाला विचारत नव्हते.

विल्मट बराच वेळ बघत राहिला. "दोन आहेत," तो म्हणाला. "ह्या फांदीत एक डावी फासळी, आणि खालच्या वाकात होडीच्या मागच्या फळीला आधार देणारी बैठक."

"तीन," बाबा म्हणाले. "तिसरी बघायला दुसऱ्या बाजूला जावं लागतं, विल्मट."

चौदा महिन्यांनी त्यांनी त्याचं नाव घेतलं होतं. विल्मट लगेच दुसऱ्या बाजूला गेला, कारण त्याला तोंड लपवायचं होतं. मी चहा तिथेच दगडावर ठेवून खाली आले.

लाकूड एवढं झालं की कारखान्यात मावेना. घराच्या तिन्ही बाजूंनी थप्प्या लावल्या. बेटावर सगळीकडे अशाच थप्प्या होत्या. माणसं सिडरने चुली पेटवत होती. बाबा ते बघून मान फिरवायचे. आणि टेकडी उघडी झाल्यावर पहिल्यांदाच आमच्या स्वयंपाकघरातून उत्तरेचा समुद्र दिसायला लागला. पाहुणे म्हणायचे, काय सुंदर दिसतं हो तुमच्याकडून. बाबांनी आपली खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली. वारा अडवायला काही राहिलं नव्हतं. जानेवारीत त्याने कोंबड्यांचं खुराडं उचलून कारखान्याच्या छपरावर ठेवलं, भाज्यांचे वाफे मिठाने जाळले.

सरकार तेव्हा वाऱ्याला आडोसा म्हणून कॅश्युअरिनाची, म्हणजे परक्या सुरूची, रोपं वाटत होतं. विल्मट ती मागायला तयार नव्हता. शेवटी बाबाच म्हणाले, "लाव दहाबारा. वाऱ्याला काहीतरी तोंड द्यायला हवं." विल्मटने रोपं आणली तेव्हा ते काठी टेकत अंगणात आले, चष्मा लावला आणि एकेक रोप उचलून, काड्या उलटून पाहिल्या. बारा रोपांना पाऊण तास लागला. विल्मट शेजारी उभा राहून एकेक हातात देत होता. सगळी पाहून झाल्यावर बाबांनी मान हलवली.

बाबा गेले ते त्यानंतर दोन वर्षांनी, फेब्रुवारीत. इराची होडी त्यांनी पाण्यात उतरवली होती, आणखी एक सुरू केली होती. ती विल्मटने पुरी केली आणि मग माळीकाम कायमचं सोडून तो तेच करत राहिला. टेकडीवरचे तीन सिडर मात्र तगले. आजही आहेत, वाऱ्याच्या बाजूचे, वाकडे.

बरंच नंतर शेती खात्याच्या एका माणसाने मला सांगितलं की कीड पश्चिमेच्या सँडीज टोकाला आणि आणखी दोन-तीन ठिकाणी लढाई संपायच्या आतच सापडली होती. वारा ती पोचवणारच होता, तुमच्या झुडपाने काही केलं की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. मी घाईघाईने घरी आले आणि विल्मटला सांगितलं. तो रंधा मारत होता. त्याने तो खाली ठेवला, सगळं नीट ऐकून घेतलं, दोन प्रश्नही विचारले.

"कॅप्टनला हे ऐकायला मिळायला हवं होतं," तो म्हणाला.

"विल्मट," मी म्हणाले, "झुडूप मी मागितलं होतं. तू ते कुणाला का नाही सांगितलंस?"

"तू सांगशील असं वाटलं," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. मग त्याने फळी उलटी केली, धारेवरून बोट फिरवलं आणि मला दुसरं टोक धरायला सांगितलं. मी धरलं.